परदेशी निधी आणि घरचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सामाजिक संस्थांच्या वर्तुळात एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. परदेशात पैसा भरपूर आहे. तिथली सरकारे, दूतावास, फाउंडेशने तो खेड्यापाड्यांतल्या कामाला द्यायला तयार आहेत. आपल्यापर्यंत तो पोहोचत नाही, कारण आपल्याला प्रस्ताव लिहिता येत नाही. इंग्रजी कच्चे, ‘लॉगफ्रेम’ म्हणजे काय ते ठाऊक नाही, दिल्लीत ओळख नाही. तेव्हा एखादा चांगला कन्सल्टंट गाठावा, प्रपोजल रायटिंगची कार्यशाळा घ्यावी, की मंडणगडच्या पाणीयोजनेपासून राजापूरच्या महिला उद्योगापर्यंत सगळ्याची सोय होईल. या मताला एक जोडमतही आहे: गाव अडते ते पैशापाशी, पैसा आला की पुढचे आपोआप होते.

मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. त्यांतले पहिले कष्टाळू, प्रामाणिक संस्थांचा वेळ आणि उमेद खाते आहे, म्हणून त्याचा परामर्श सविस्तर घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्षाची बाजू पूर्ण ताकदीने मांडतो. अर्ज इंग्रजीत असतात, हे खरे. त्यांत ‘बेसलाइन’, ‘आउटकम’, ‘सस्टेनेबिलिटी’ अशा रकान्यांची एक वेगळीच परिभाषा असते, हेही खरे. मुंबई-पुण्याच्या संस्थांकडे असे अर्ज भरणारी पगारी माणसे असतात आणि लांज्याच्या संस्थेत तोच कार्यकर्ता सकाळी बालवाडी उघडतो, दुपारी तहसील कचेरीत जातो आणि रात्री अर्ज लिहायला बसतो. दुसरा मुद्दा कायद्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय योगदान नियमन कायद्यात, म्हणजे सगळे ज्याला ‘एफसीआरए’ म्हणतात त्यात, दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. तोपर्यंत मोठी संस्था निधी आणायची आणि त्यातला वाटा तालुक्याच्या छोट्या संस्थेला द्यायची. ती वाट बंद झाली. आता छोट्या संस्थेला थेट परदेशी दात्याच्या दारात उभे राहावे लागते, मग अर्ज लिहिण्याचे कौशल्य नको का? तिसरा मुद्दा इतिहासाचा, आणि तो सर्वांत आकर्षक आहे: पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत एक इंग्रजी पुस्तक लिहिले आणि बोस्टनच्या लोकांनी त्यांना दहा वर्षे पैसा पुरवला. लेखणीने पैसा येतो याला याहून मोठा दाखला कोणता?

कायद्यापासून सुरुवात करू. परदेशी निधी घेण्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी लागते. ती मागणारी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असली पाहिजे आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असले पाहिजेत. २०२० पूर्वी हा आकडा १० लाख होता. हा खर्च परदेशी पैशातून झालेला असू शकत नाही, कारण तो घ्यायची परवानगीच अजून मिळालेली नसते. म्हणजे परदेशी पैशासाठी पात्र ठरायला आधी घरचा पैसा उभा करून, खर्चून, त्याचे ऑडिट करून दाखवावे लागते. नोंदणी मिळाल्यावर नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडायचे आणि परदेशी रक्कम प्रथम तिथेच घ्यायची. प्रशासकीय खर्च एकूण निधीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. २०२० पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत ‘एफसी-४’ विवरण भरायचे, त्या वर्षी एक रुपया आला नसला तरी. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाच्या वेळी हे सगळे पुन्हा तपासले जाते. या दुरुस्त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले; ८ एप्रिल २०२२ च्या निकालाने, नोएल हार्पर खटल्यात, त्या बहुतांशी कायम राहिल्या.

नव्या संस्थेसाठी ‘प्रायर परमिशन’ची एक वाट आहे. एका ठरावीक दात्याकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घ्यायची परवानगी. पण तिच्यासाठी दात्याचे लेखी वचनपत्र लागते. ज्या संस्थेचे काम दात्याने पाहिलेले नाही, तिला असे पत्र कोण देईल?

याचा अर्थ काय होतो ते पाहा. अर्जाचा जो भाग निर्णायक असतो तो अर्ज लिहायला बसण्याच्या तीन वर्षे आधीच लिहून झालेला असतो. तो कीर्दवहीत असतो, पावतीपुस्तकात असतो, सभेच्या इतिवृत्तात असतो. कोकणात इथेच घोडे अडते. अनेक न्यासांच्या दप्तरात विश्वस्त म्हणून ज्यांची नावे आहेत त्यांतले काही वारलेले, काही मुंबईला स्थायिक झालेले. नवे लोक काम करत आहेत, पण धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे प्रलंबित. कागदोपत्री संस्था एकाची, कामावर माणसे दुसरीच. गृहमंत्रालय पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागते तेव्हा ही फट उघडी पडते. कोणताही कन्सल्टंट कितीही सुरेख इंग्रजीत ती बुजवू शकत नाही. आणि तो बुजवून देतो म्हणाला, तर त्याच्यापासून सावधच राहावे.

आता ज्यांचा पैसा हवा आहे त्यांच्याकडे वळू. गावपातळीवर थेट मदत देणाऱ्या योजनांत जपान सरकारची ‘ग्रासरूट्स’ अनुदान योजना बरीच जुनी आहे. ती १९८९ पासून चालते आणि साधारण एक कोटी येनपर्यंतच्या कामांचा विचार करते. महाराष्ट्रातल्या संस्थांना त्यासाठी मुंबईतल्या जपानी वकिलातीकडे जावे लागते. ही योजना इमारत, उपकरणे, वाहन अशा गोष्टींना पैसे देते. पगार, भाडे, वीजबिल, डिझेल तिच्यात बसत नाही. रुग्णवाहिका मिळेल, चालकाचा पगार कोण देणार हे संस्थेने सांगायचे. तिथे सुंदर वाक्य उपयोगी पडत नाही, वर्गणीदारांची यादी पडते.

शिवाय हा ओघ आटतो आहे. २००३ साली भारत सरकारने ठरवले की द्विपक्षीय मदत मोजक्याच मोठ्या देशांकडून घ्यायची. लहान दात्यांनी ती स्वयंसेवी संस्था किंवा बहुपक्षीय यंत्रणांमार्फत द्यावी. ब्रिटनने भारताला दिली जाणारी पारंपरिक आर्थिक मदत २०१५ मध्ये थांबवली. अमेरिकेची ‘यूएसएड’ जुलै २०२५ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. त्याच वर्षी ब्रिटनने आपला मदतनिधी २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. भारत स्वतः इतर देशांना मदत देतो आणि त्यासाठी २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालयात वेगळा विभाग आहे. जगाच्या नजरेत भारत आता मागणारा देश राहिलेला नाही. अशा काळात रत्नागिरीच्या संस्थांना ‘परदेशात पैसा भरपूर आहे’ असे सांगणे म्हणजे त्यांची दिशाभूल आहे.

मोठी परदेशी रक्कम जिल्ह्यात आलीच तर ती कशी येते, याचे ताजे उदाहरण किनाऱ्यावरच आहे. ग्रीन क्लायमेट फंडाने २०१८ मध्ये आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनारी समाजांसाठी सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. राज्यांचा वाटा धरून प्रकल्प सुमारे १३ कोटी डॉलरचा झाला. महाराष्ट्रात तो वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत चालतो. यात गावाने कुणाला इंग्रजी अर्ज लिहायचा नव्हता. गावाची कांदळवन समिती जागी असणे, तिची बैठक होणे, खेकडापालनाचा गट टिकणे, याला महत्त्व होते. कांदळवन कक्षाची उपजीविकेची योजना, जी राज्याने २०१७ मध्ये आणली, तिच्यातही गटाला आपला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो. आधी तुमचे दहा, मग आमचे नव्वद.

इतिहासाच्या मुद्द्यावर मला जास्त रेंगाळायचे आहे, कारण तो दाखला आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे आणि तो अर्धाच सांगितला जातो.

रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे निधी देण्याचे तिने कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा त्या अनोळखी अर्जदार नव्हत्या. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला होता आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली होती. काम आधी, पुस्तक नंतर, पैसा त्यानंतर. आणि त्या पुस्तकात ‘आम्हांला मदत करा’ एवढेच नव्हते. हिंदू घरातल्या स्त्रीच्या आयुष्याचा क्रमवार, पुराव्यानिशी वृत्तांत होता. इंग्लंडमध्ये आश्रय देणाऱ्या वाँटेजच्या मठाशीही रमाबाई धर्ममतांवरून स्पष्ट वाद घालत राहिल्या. दात्याची मर्जी राखून त्यांनी काही मिळवले नाही.

शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या गोदूबाई. त्या देवरुखच्या जोशी घराण्यातल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बालविधवेचे शिक्षण बोस्टनच्या पैशातून झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोदूबाईंचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे मित्र. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या.

पण त्याच १८९३ मध्ये शारदा सदनावर संकट आले. तिथल्या मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळवला जातो असा आरोप झाला, ‘केसरी’ने रान उठवले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनचा पैसा मात्र येत राहिला. पूर्वपक्षाने या ठिकाणी थांबून विचार करावा. पैसा होता, इमारत होती, शिक्षिका होत्या. ज्यांच्यासाठी हे सारे होते त्या मुलीच निघून गेल्या, कारण त्यांच्या समाजाचा विश्वास उडाला. तो विश्वास बोस्टनहून पाठवता येत नव्हता. रमाबाईंवरचे सगळेच आरोप खरे होते असे मी म्हणत नाही, आणि मुली काढून नेणाऱ्यांनी त्यांचे कल्याण केले असेही नाही. मुद्दा एवढाच की पैसा आला म्हणजे पुढचे आपोआप होते, हे तेव्हाच खोटे ठरले होते.

कर्व्यांनी यातून धडा घेतला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढताना त्यांनी पहिले एक हजार रुपये आपल्या बचतीतून घातले आणि पुढे गावोगाव हिंडून वर्गणी मागितली. चार आण्यांची पावतीही फाडली. पण या वर्गणीलाही किंमत होतीच. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणारी मंडळी कर्व्यांनीच १८९३ मध्ये काढली होती; आश्रम चालवायचा तर त्या चळवळीतून त्यांना अंग काढून घ्यावे लागले, नाहीतर सनातनी घरांनी मुली पाठवल्या नसत्या आणि पैसेही दिले नसते. पुढे १९२० मध्ये ठाकरसींनी कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली, तिच्याही अटी होत्या. परदेशी पैशालाच तेवढ्या अटी असतात आणि घरचा पैसा निर्लेप असतो, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अट प्रत्येक पैशाला असते. कोणती अट आपण पेलू शकतो, एवढेच ठरवायचे असते.

कर्व्यांच्या आयुष्यातली याहून आधीची एक गोष्ट आजच्या वादात फार उपयोगी आहे. ते दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. मुंबईत शिकवत असताना मुरूडच्या नोकरदारांना एकत्र आणून त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला. प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा गावाच्या सार्वजनिक कामासाठी द्यायचा. मुंबईच्या चाळीत बसून कोकणातल्या गावाचे काम करण्याची जी पद्धत आज प्रत्येक गावाच्या ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’मध्ये दिसते, तिचे हे एक जुने, लिखित रूप. संगमेश्वरला व्यापारी पैसा फंड संस्थेची शाळा आजही त्याच नावाने चालते. पैशापैशाने संस्था उभी राहते, हा आपल्या जिल्ह्याचा अनुभव आहे, उपदेश नव्हे.

पण मुरूडची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. ज्या गावासाठी कर्व्यांनी फंड उभारला, त्याच गावाने पुनर्विवाहानंतर त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुरूडच्या घरी राहायला जाणेही त्यांना अवघड झाले. गावाचा फंड गावाच्या मर्जीने चालतो, आणि गावाची मर्जी नेहमी न्यायाची नसते. गोदूबाईंना शिकवायला देवरुखने किंवा मुरूडने वर्गणी काढली नसती. ते काम परक्या देशातल्या बायकांच्या पैशातून झाले.

म्हणून ‘परदेशी पैसा घ्यायचाच कशाला’ असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. परदेशी निधीचे खरे स्थान इथे आहे: जे काम न्यायाचे आहे पण ज्याला आपला समाज पैसे देत नाही, त्या कामात. देवळाचा सभामंडप, कमान, स्मशानशेड, क्रिकेटचे मैदान यांना मुंबईचे मंडळ पैसे देते, ते देवोत. पण खेड-चिपळूणकडच्या कातकरी वाडीवरच्या मुलांची शाळा, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा निवारा, एचआयव्ही असलेल्या माणसाचे औषधपाणी, मनोरुग्णाची देखभाल, यांसाठी गावकीत पावतीपुस्तक फिरत नाही. जी संस्था अशा कामात आहे तिने परदेशी दात्याकडे जरूर जावे आणि ताठ मानेने जावे. सामाजिक सभागृहासाठी आणि पेव्हर ब्लॉकसाठी विकासाची परिभाषा वापरून परदेशी अर्ज करणे हा त्या पैशाचा आणि आपल्या श्रमांचा दुरुपयोग आहे.

हे म्हणताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सर्वांत गरीब वाडीवर काम करणाऱ्या संस्थेलाच तीन वर्षांत १५ लाख उभे करणे सर्वांत कठीण. कायद्याची ही अट दुबळ्यांनाच बाहेर ठेवते, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी उत्तर देऊ शकत नाही. तो दोष कायद्याचाच आहे. निधी पुढे देण्यावरची बंदी तर मला उघड अन्यायाची वाटते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आणि घरे झोपवली. त्या वेळी मोठ्या संस्थेला परदेशी निधी तालुक्याच्या नोंदणीकृत संस्थेकडे सोपवणे शक्य होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तोवर ते बेकायदा झाले होते. पुरात कोणत्या गल्लीत कोण म्हातारे एकटे राहते हे स्थानिक संस्थेला माहीत असते, दिल्लीच्या संस्थेला नसते. गैरव्यवहार रोखायचा असेल तर पुढे दिलेल्या रकमेचा हिशेब मागावा. देणेच बंद करणे हा उपाय नव्हे. पण याही परिस्थितीत उत्तर ‘चांगला प्रस्ताव लिहा’ हे नाही. कायद्याने घातलेली भिंत प्रस्तावाने ओलांडता येत नाही. ती बदलायला लोकप्रतिनिधींकडे जावे लागते.

पात्रतेचे १५ लाख कुठून आणायचे, या प्रश्नाला मात्र जिल्ह्यापुरते एक उत्तर आहे, आणि ते परदेशातूनच येते. दापोली, खेड, मंडणगड, रत्नागिरी या तालुक्यांतली असंख्य कुटुंबे, विशेषतः मुस्लिम कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या आखातात आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. तिथून गावच्या शाळेसाठी, मदरशासाठी, दवाखान्यासाठी पैसा येतोच. कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट असूनही संस्था विनाकारण घाबरतात. ज्याचा पासपोर्ट भारताचा आहे, त्याने आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही, तो दुबईत असो की दोह्यात. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याचा पैसा परदेशी ठरतो आणि नोंदणीशिवाय घेता येत नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक कुवेतला आणि एक लंडनचा ब्रिटिश नागरिक. पहिल्याची देणगी आज घेता येते, दुसऱ्याची नाही. देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत पावतीसोबत ठेवली की हा प्रश्न मिटतो. कर्वेही डिसेंबर १९३० मध्ये, बहात्तराव्या वर्षी, आफ्रिकेला निघाले ते मोंबासा, युगांडा, झांजिबार, दक्षिण आफ्रिका इथल्या भारतीयांना आपले काम समजावून सांगायला आणि त्यांच्याकडून मदत मागायला. आपल्या माणसांकडे जावे हे त्यांना कळत होते.

आता जोडमताचे, म्हणजे पैसा आला की गाव सुधारते याचे. यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण महाराष्ट्रात त्याची चाचणी होऊन गेली आहे. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटांच्या पुढाकाराने आलेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम नव्वदच्या दशकात अहमदनगर जिल्ह्यातून सुरू झाला. पैसा जर्मनीचा, तो यायचा नाबार्डमार्फत. पण गावाची निवड होण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, पाणलोट समिती नेमायची. आधी लहान तुकड्यावर काम, ते नीट झाले तर पुढचा निधी. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी त्यातून उभे राहिले. तिथे जर्मन पैशाइतकेच काम केले ते कुऱ्हाड न उचलण्याच्या गावाच्या ठरावाने. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जांभा तो धरून ठेवत नाही, आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतो. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा दिवाळीनंतर श्रमदानाने उभा राहतो, त्याला परदेशी निधी लागत नाही. ज्या गावाला तो दरवर्षी घालायची सवय आहे, त्या गावाने मोठ्या पाणीयोजनेसाठी अर्ज केला तर कोणताही दाता तो गांभीर्याने वाचेल.

मंडणगड तालुक्यातले वेळास हे याचे आपल्या जिल्ह्यातले उदाहरण. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, घरच्या बाईच्या हातचे जेवू लागले, पैसा थेट त्या घरात गेला. पूर्वी जी अंडी खाल्ली किंवा विकली जात, ती राखण्यात गावाचा फायदा उरला. नंतर वनविभागाने काम हाती घेतले, शास्त्रज्ञ आले, जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसला. संस्था, निधी, विज्ञान यांचा हा क्रम पाहा. आधी किनाऱ्यावर रात्री गस्त घालणारी माणसे होती.

देवरुखलाच १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे, म्हणजे मावशी हळबे, यांनी मातृमंदिर सुरू केले ते बायकांच्या बाळंतपणाची सोय व्हावी म्हणून. ज्या गावच्या मुलीला शिकायला बोस्टनच्या पैशाची गरज पडली होती, त्याच गावात साठेक वर्षांनी बायकांसाठी संस्था उभी राहिली. अशा संस्थेकडे मदत नंतर चालत येते.

तेव्हा प्रस्ताव लेखनाच्या कार्यशाळा भरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे: त्या भरवा, पण पहिला दिवस हिशेबाला द्या. येताना प्रत्येक संस्थेला मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीची प्रत आणि वर्गणीदारांची यादी आणायला सांगा. ज्यांचे चेंज रिपोर्ट अडले आहेत त्यांच्यासाठी एखादा वकील बसवा. जे परदेशी पैशासाठी धडपडत आहेत पण ज्यांचे काम मुंबईच्या मंडळाला सहज पेलेल, त्यांना तसे स्पष्ट सांगा. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांकडे एक निवेदन न्या, की आपत्तीच्या काळात तरी नोंदणीकृत स्थानिक संस्थेला निधी सोपवण्याची मुभा कायद्यात परत यावी. आणि संस्थाचालकांनी यंदाच्या मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, संस्थेचा जमाखर्च देवळाच्या ओट्यावर किंवा मशिदीच्या पडवीत मोठ्याने वाचून दाखवावा, लोकांचे प्रश्न घ्यावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून त्यांवर सह्या घ्याव्यात. परदेशी दात्याकडे जाणाऱ्या अर्जाला हेच इतिवृत्त जोडावे.